वरून नका शिंपडू

"काकू, वरून नका शिंपडू. आत जाईल. ओल्या फडक्यानं बाहेरून पुसून घ्या."

हे मी बोलले. माझ्या तोंडानं. अकोल्याला, पूर्वाच्या घरी, तिच्या खोलीच्या दारात उभं राहून.

आत पूर्वाची आई होती. एका हातात तांब्याची वाटी, वाटीत गोमूत्र. दुसऱ्या हातात तुळशीची डहाळी. समोर टेबलावर कॉम्प्युटर, जो मी नुकताच जोडून, चालू करून, बंद करून ठेवला होता. काकू डहाळी बुडवत होत्या आणि झटकत होत्या. कॉम्प्युटरवर, खुर्चीवर, मी मांडी घालून बसले होते त्या फरशीवर. मी स्टेशनला निघाले होते. कोपऱ्यावरून परत आले, कारण माझा स्क्रू ड्रायव्हर तिथेच राहिला होता.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. दचकल्या नाहीत. वाटी खाली ठेवली, फडकं आणलं, भिजवलं, पिळलं, आणि मी सांगितलं तसं बाहेरून पुसून घेतलं. पूर्वा पलंगावर बसलेली होती. मोबाइलमध्ये बघत होती. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला, "येते" म्हणाले आणि निघाले.

गाडीत मला चक्क बरं वाटत होतं. वेळेवर पोहोचले, मशीन वाचलं, असं वाटत होतं. मूर्तिजापूर मागे गेलं तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ते गोमूत्र कॉम्प्युटरसाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं. आणि मला विटाळ समजून पुसणाऱ्या बाईला, नीट कसं पुसायचं ते मीच शिकवून आले होते. मला आधी माझा अपमान दिसलाच नाही. मला मदरबोर्ड दिसला. इतकं खोल गेलेलं असतं हे.



मी बडनेऱ्याची. बाबा रेल्वेत ट्रॅकमन. आम्ही बौद्ध. पूर्वाच्या वडिलांची अकोटला कापसाची जिनिंग, राहायला अकोल्यात मोठं घर. अमरावतीच्या कॉलेजात आम्ही दोघी एका बाकावर. दोघींनाही गेमचं वेड. वर्गातली पोरं हसायची, पोरींनी कसले गेम खेळायचे म्हणायची. आम्ही मोबाइलवर त्यांना धूळ चारायचो. मग पूर्वाच्या वडिलांनी कॉम्प्युटरला होकार दिला आणि पूर्वा म्हणाली, पार्ट तू निवडायचे, जोडायचाही तूच. सुट्टीत माझ्याकडे राहायला ये, आलटून पालटून खेळू.

माझ्या घरी असा कॉम्प्युटर येण्यातला नव्हता. म्हणून तो तिचा पहिला तसा माझाही पहिलाच. त्या खुर्चीवर बसून, मी जोडलेल्या मशीनवर, मोठ्या पडद्यावर एकदा खेळायचं. मला एवढंच पाहिजे होतं. त्यासाठी मी अख्खं सत्र रात्रंदिवस त्याच नादात होते.

पूर्वाला रंगीत दिवे पाहिजे होते. मी म्हटलं, दिवे मागून बघू, आधी प्रोसेसर ज्या बोर्डात बसतो तो बोर्ड बघू. एका पिढीचा प्रोसेसर दुसऱ्या पिढीच्या बोर्डात बसतच नाही. बसला तरी बोर्डाला त्याची ओळख नसेल तर पडदा काळाच राहतो. रॅमचं तेच. खाच एका बाजूला सरकलेली असते, जुनी रॅम नव्या बोर्डात दाबून बसवायला गेलं तर दोन्हीची वाट. हे सगळं मी वाचून, व्हिडिओ बघून, कॉलेजातले मोडके कॉम्प्युटर उघडून शिकले.

ग्राफिक्स कार्ड लांब होतं. कॅबिनेटमध्ये मावेल का, कळेना. मी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कार्डाच्या मापाचा कापला आणि तो घेऊन अमरावतीच्या दुकानात गेले. दुकानदार हसला. "पोरी, ब्लाउज शिवायला टाकून राहिली काय?" मी पुठ्ठा त्याच्या कॅबिनेटमध्ये धरला. पुढच्या पंख्याला अडला. दुसरं कॅबिनेट काढायला लावलं, मग तिसरं. तिसऱ्यात पुठ्ठा मोकळा बसला.

पॉवर सप्लाय तो कॅबिनेटसोबत फुकट देत होता. मी नाही म्हटलं. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. बाकी सगळं कमीजास्त चालतं, पण हा फुटला तर सोबत सगळ्यांना घेऊन जातो. अकोल्यात उन्हाळ्यात वीज कशी येते-जाते, सगळ्यांना माहीत आहे. मी चांगल्या कंपनीचा, भरपूर वॉरंटीचा, वजनदार घ्यायला लावला.

आणि कॅबिनेट जाळीच्या झाकणाचं निवडलं. वरून उघडी जाळी. अकोल्याचा मे महिना डोळ्यांपुढे होता. गरम हवा वर निघून जावी म्हणून.

त्या जाळीतूनच ते गोमूत्र आत गेलं. जाळी मीच निवडली होती. ही गोष्ट मला झोपेत येते.

दिवाळीच्या सुट्टीत जोडायला गेले त्या दिवशी काकू माझ्याशी गोडच बोलल्या. पोहे दिले. किती शिकली, कुठं राहते, सगळं विचारलं. बडनेऱ्यात कोणत्या बाजूला, तेही विचारलं. मी सरळ सांगितलं, विहाराजवळ. लपवायचं काय त्यात? काकू "असं का" म्हणाल्या आणि आत गेल्या. मी कामाला लागले. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले, पडदा उजळला, पूर्वानं मला मिठी मारली. मी खेळायला खुर्ची ओढणार, तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. "पूर्वा, तिची गाडी हुकन ना. जाऊ दे तिले आता." गाडीला भरपूर वेळ होता. आणि राहायचं तर ठरलेलंच होतं. पूर्वानं माझ्याकडे बघितलं नाही. मी पिशवी उचलली.

त्यानंतर पूर्वा वर्गात नेहमीसारखी बोलायची. मीही बोलायचे. तो विषय तिनं काढला नाही. माझ्यात काढायची हिंमत नव्हती. मीच स्वतःला समजवायचे की तिच्या आईचं आहे ते, तिचं नाही.

पावसाळा लागला आणि कॉम्प्युटर आजारी पडला. गेम मधेच बंद. कधी पडदा काळा, कधी आपोआप पुन्हा चालू. अकोल्याचा दुकानदार म्हणाला म्हणे, पार्टच चुकीचे निवडलेत, जमत नाहीत एकमेकांशी. मग काकूंनीच मला फोन केला. "ये ना बाई एकडाव. तुयाशिवाय कोणाले समजत नाई त्यातलं."

मी गेले. का गेले? तो कॉम्प्युटर माझा होता म्हणून. आणि माझे पार्ट चुकीचे होते, हे मला सहन होत नव्हतं.

बाजूचा पत्रा काढला. टॉर्च मारला. रॅम बसते त्या खाचेच्या तोंडाशी पिवळट पांढरा थर वाळून बसलेला. कार्डाच्या पाठीवर गोल गोल डाग. मी दारातून ओरडायच्या आधी जे थेंब पडले होते, ते हे. उन्हाळाभर वाळून बसले आणि पावसाळ्याच्या ओलीत पुन्हा जागे झाले. ते थेंब तिथे इतके महिने होते. मी वर्गात पूर्वाच्या शेजारी बसून हसत होते आणि ते इथे आत होते.

काम छोटं होतं. रॅम काढायची, स्पिरिट आणि ब्रशनं खाच साफ करायची, पुन्हा बसवायची. ब्रश माझ्या पिशवीत होता. मी तो हातातही घेतला.

काकू मागे उभ्या होत्या. "काय निघालं? पार्टच खराब होता ना?"

मी म्हटलं, "पार्ट चांगले आहेत. तुमी शिंपडलं ते आत गेलं."

काकूंनी वाकून त्या डागांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "रीत असते बाई घरची. तुले काई बोलली का मी?"

खरंच, काही बोलल्या नव्हत्या. बोलले होते ते मी.

मी ब्रश पिशवीत टाकला. "मागच्या वेळी कसं पुसायचं ते मी सांगतलं. आता मी पुसत नाई. ज्यानं शिंपडलं, त्यानं पुसावं."

पत्रा तसाच उघडा ठेवला. स्क्रू ड्रायव्हर या वेळी आठवणीनं घेतला.

पूर्वा फाटकापर्यंत धावत आली. आई जुन्या वळणाची आहे, मनावर घेऊ नको म्हणाली. मी विचारलं, "आणि तू? तू पलंगावर बसून होती." पुढच्या सत्रात मी बाक बदलला.

आता मी लोकांचे कॉम्प्युटर जोडते. पण कोणाच्या घरी जात नाही. ज्याला पाहिजे त्यानं पार्ट घेऊन बडनेऱ्याला यावं. विहाराजवळ, असा पत्ता आधीच सांगते. समोरच्या खोलीत, कोटातल्या त्या फोटोखाली, सतरंजीवर माझ्यासमोर बसावं. आई पाणी आणून देते. ग्लास ओठाला लागेपर्यंत मी खोक्याची टेप कापत नाही. काही जण तहान नाही म्हणतात. त्यांची खोकी मी तशीच परत देते. गेलेल्या कामाचं वाईट वाटतं, नाही असं नाही.

माझ्या टेबलावर माझा स्वतःचा कॉम्प्युटर अजून अर्धाच आहे. कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय आलेत, बाकी व्हायचंय. झाकण जाळीचंच घेतलं. रोज सकाळी त्या जाळीवरून बोट फिरवते आणि तो आवाज येतो, वरून नका शिंपडू काकू, बाहेरून पुसून घ्या. आवाज माझाच आहे. तो मरणार नाही, हे मी मान्य केलंय. पण माझ्या तोंडातून तो पुन्हा निघणार नाही.