सोजरबाईंनी पाय ठेवला नाही

वाघोलीत मी सोजरबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि जवळच्या कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवतो. सोजरबाई पायाळू. म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने पाठीवरून पाय फिरवला की भरलेली उसण उतरते, असं गावात मानतात. रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर कंबर धरून बसलेली माणसं असायची. एकदा तर लॅपटॉपची बॅग लावलेला इंजिनिअरही होता. बाई प्रत्येकाला पालथं झोपवायच्या, भिंतीला धरून पाय अलगद फिरवायच्या आणि वर बजावायच्या, "दोन दिस वझं उचलू नगं." उतार पडतो तो या बजावण्यानेच, असं मी एकदा त्यांना तोंडावर म्हणालो.

"आसंल की," त्या म्हणाल्या. "पर पाय ठेवल्याबिगर माजं ऐकतंय कोण?"

मी हसून जिना चढलो.

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांचा मुलगा विक्रम आपल्या काकांना, गेनबांना, धरून घेऊन आला. पाण्याची मोटार चालू करताना गेनबांच्या छातीत एकदम कळ आली आणि ती पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधे उतरली. "वैनी, उसण भरली, पाय ठेवा," म्हणत ते ओट्यावर पालथे पडले. मी जिन्यात उभा होतो. "ॲसिडिटी असेल, थंड दूध द्या," असा मोलाचा सल्ला मी दिला.

सोजरबाईंनी पाय उचलला आणि परत खाली ठेवला. उसण भरलेला माणूस हलायला घाबरतो. गेनबांना कुठल्याच कुशीवर चैन नव्हतं. ते घामाने डबडबले होते.

"कळ हळूहळू वाढली का, भावजी?"

"न्हाई. येकदम. कापड टरकावल्यागत."

बाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. डावा गार लागत होता. "सर, गाडी काढा," त्या मला म्हणाल्या.

विक्रम चिडला. "आख्ख्या गावाला पाय ठेवतीस आन् घरच्या माणसाला न्हाई?"

"तुज्या बापाला ठेवला हुता."

मी गाडी काढली. हॉस्पिटल गाठेपर्यंत सोजरबाईंनीच सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान बजरंग असेच आले होते, कापड टरकावल्यासारखंच म्हणाले होते. बाईंनी तीनदा पाय फिरवला, दुपारपर्यंत वाट पाहिली, आणि दुपारी ते गेले. हार्ट अटॅक म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. बाईंनी सोडलं नव्हतं. इतकी वर्षं यांच्याच घरात राहून मी नुसते टोमणे मारत होतो, याची मला लाज वाटली.

हॉस्पिटलात डॉक्टर पद्मजा होत्या. ईसीजीत हार्ट अटॅक दिसेना. त्यांनी उजव्या हाताचं बीपी घेतलं, मग डाव्या. वरचा आकडा एकीकडे एकशे चौऱ्याऐंशी, दुसरीकडे एकशे अठ्ठावीस. "घरात कुणी असं अचानक गेलं होतं का?" त्यांनी विचारलं. सोजरबाईंनी बजरंगांचं सांगितलं. डॉक्टरांनी हार्ट अटॅकच्या संशयाने द्यायला काढलेलं रक्त पातळ करायचं इंजेक्शन थांबवलं आणि गेनबांना सीटी स्कॅनला पाठवलं. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रोहिणीचं आतलं अस्तर फाटून रक्त तिच्या भिंतीच्या थरांमध्ये घुसलं होतं. औषधाने बीपी उतरवलं, लगेच ऑपरेशनला घेतलं आणि फाटलेला भाग काढून कृत्रिम नळी बसवली. त्याला सात तास लागले.

तिसऱ्या दिवशी गेनबा बोलायला लागले. पहिलं वाक्य चहाबद्दल होतं. पद्मजाबाई आम्हाला म्हणाल्या, "हा आजार काही घराण्यांत चालतो. रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांची तपासणी करून घ्या."

सोजरबाई पदर बोटाला गुंडाळत होत्या. "म्याडम, विक्रमचे वडील माज्या पायानं गेले का?"

डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसल्या. "नाही. त्यांना हेच झालं असेल, तर तुम्ही पाय ठेवायच्या आधीच रोहिणी फाटली होती."

"आन् दुपारपतुर घरी ठेवलं, त्ये?"

आता डॉक्टर काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील असं मला वाटलं. मी तेच केलं असतं.

"ती वेळ गेली," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आणलं असतं तर वाचले असते, असं मी सांगू शकत नाही. पण वेळ गेली, हे खरं."

सोजरबाई रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या विक्रमला आत बोलावलं आणि तपासणीचं सांगितलं.

"मला काय धाड भरलीय? फुडल्या आठवड्यात बघू," तो म्हणाला.

"आत्ता," सोजरबाई म्हणाल्या, आणि त्याच्या शर्टाची बाही स्वतःच वर सारायला लागल्या.