ताल चुकणाऱ्या वेदिकाने आज हंडा ठोकला!

मंडळी, हाताला अजून झिणझिण्या येतायत, तरी टाइप करतेय!

आमच्या युवा मंडळाच्या वारसा उपक्रमात आज सकाळी पंधरा पोरं घेऊन जुन्या नाशकातल्या तांबट आळीत गेले. दहा मिनिटांत सगळी मोबाइलमध्ये डोकं घालणार, अशी मला धास्ती होती.

तिथले एक काका हंडा मठारत होते, म्हणजे हातोडीने ठोकून तांबं घट्ट करत होते. म्हणाले, "कोण ठोकतंय?"

पोरांनी मुद्दाम वेदिकाला पुढे ढकललं. ही आमच्या ढोल पथकात हमखास ताल चुकते. परवाच रडवेली होऊन म्हणाली, "ताई, मी पथक सोडते."

ती ठोकायला लागली. काका पाठ फिरवून चहा पीत होते. तसेच बसून म्हणाले, "उजवीकडे एक जागा राहिली बघ."

न बघता! आम्ही थक्क.

मग त्यांनी वळून तिचे हलणारे ओठ पाहिले. "मोजतेस होय? मोजू नको. ठोकलेलं तांबं खणखणीत वाजतं, राहिलेलं बद्द. नुसतं ऐक."

आणि काय सांगू! ठण, ठण, ठण, एकसारखं! पोरं मोबाइल विसरून मांडीवर ताल धरायला लागली. मग आम्ही सगळ्यांनीच ठोकून घेतलं.

येताना वेदिका म्हणाली, "ताई, आज सरावाला येते हं."

आणि दोन वर्षं सरावात तिच्यावर मीच ओरडतेय, "मोज गं, नीट मोज!"

तुम्हीही कुणाला मनापासून चुकीचंच शिकवलंय का हो?