उलटी न केलेली पिशवी

आधी हौसामावशींचं नाव लिहिते, मग बाकीचं. पवना धरणाच्या काठी एक छोटं पक्षी-केंद्र आहे, तिथं त्या स्वयंपाक करतात. "शिकलेली न्हाई, पण हात हलका हाय पोरीचा," असं केंद्र चालवणाऱ्या सरांना सांगून त्यांनीच मला रविवारची स्वयंसेवक म्हणून घ्यायला लावलं. मी मूळची वाशिमकडची, शाळा सातवीतच सुटली. आता घोरावाडी स्टेशनजवळ एका खोलीत एकटी राहते, आठवडाभर खंडाळ्याच्या हॉटेलात खोल्या आवरते. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. रिकामे मजलेच्या मजले एकटीने झाडलेत मी, कधी काही दिसलं नाही. तरी हे लिहितेय...

मार्च संपत आला की हिवाळ्यात आलेले पक्षी उत्तरेकडे परत निघतात. तेव्हा सकाळी बारीक जाळ्या लावायच्या, अडकलेला पक्षी अलगद सोडवून कापडी पिशवीत ठेवायचा. सर त्याच्या पायात नंबराचं कडं घालतात, वहीत नोंद करतात आणि सोडून देतात. माझ्याकडे पिशव्या. नियम एकच — पक्षी काढला की पिशवी तिथल्या तिथं उलटी करायची. उलटी म्हणजे रिकामी. सुलटी दिसली तर आत जीव आहे असंच धरायचं.

त्या रविवारी दहाच्या सुमाराला एकदम वारा सुटला. जाळ्या गुंडाळायची नुसती धांदल. सगळ्यांनी पिशव्या माझ्याकडे टाकल्या आणि मी न बघता गाठोडं बांधलं, घरी धुवायला. जीपने कामशेत, तिथून लोकलने घरी.

दीड वाजता बादलीत कढत पाणी ओतलं, साबणाचा चुरा टाकला. गाठोडं आत सोडणार, तेवढ्यात दारातून आवाज आला —

"पोरी, आधी उलट्या कर."

मावशी! उंबऱ्यावर टेकलेल्या, हाताला पीठ.

"अगं बाई, मावशी, तुम्ही इथं कशा?"

"कर की आधी," म्हणाल्या.

मी गाठोडं सोडलं. अगदी तळाला एक पिशवी सुलटी. हातात घेतली तर उबदार... आणि हलली! आत पिवळा धोबी पक्षी, डोळे अर्धे मिटलेले. पायात कडंही नव्हतं, म्हणजे वहीत नोंद नाही. मेला असता तरी कुणाला कळलं नसतं. मी वर पाहिलं. उंबरा रिकामा.

केंद्राचा फोन लावला. उचलला मावशींनीच. "काय गं, पोचलीस का? बोल लवकर, भाकऱ्या थापतीय मी."

रडत रडत सगळं सांगितलं. सरांनी फोन घेतला. वाटलं, झालं, आता येऊ नको म्हणणार, आणि मावशींनी माझ्यासाठी टाकलेला शब्दही वाया जाणार. पण ते म्हणाले, "आधी रडणं थांबव. खोक्याला भोकं पाड, अंधारात शांत ठेव. अर्ध्या तासाने तळ्यावर नेऊन सोड."

फोन ठेवतेय तोवर शेजारच्या सुनंदाताई दोन कप घेऊन दारात. "तुझी म्हातारी कुठं गेली गं? आत्ता माझ्याकडून पाणी प्यायली. चहा टाकू का म्हटलं तर मान डोलावली."

तळेगावच्या तळ्याकाठी खोकं उघडलं. धोबी बसूनच राहिला. मग त्याने दोनदा शेपटी हलवली आणि उडाला... आधी पाण्याला लागून, मग वर.

पुढच्या रविवारी मावशींना खोदून खोदून विचारलं. "मला घोरावाडी कुटं हाय ते बी ठाऊक न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् चा टाकल्यावर न पिता मी उठंन व्हय? ती मी न्हवंच!"

सर म्हणतात, तुझ्याच मनाला शंका आली असेल, तीच तुला दिसली. मग सुनंदाताईंनी पाणी कुणाला दिलं? सरांनी मला काढलं नाही, पण गाठोडं बांधताना आता शेजारी उभे राहतात.

उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मावशी म्हणतात, मी काही केलंच न्हाई तर उपकार कसले? असू दे. कधीतरी त्यांच्या अडीनडीला, त्यांनी हाक मारायच्या आत, मी त्यांच्या दारात उभी असेन. एवढं नक्की करणार आहे.