रंग उतरवायला शिकवणारे केणी सर

केणी सरांशी माझी पहिली ओळख त्यांच्या हसण्यातून झाली, आणि त्या हसण्याचा मला भयंकर राग आला होता. आणीबाणीच्या आदल्या वर्षाची गोष्ट. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सर आमचे प्राणिशास्त्राचे प्रात्यक्षिक घेत. मेणात बसवलेल्या बेडकाच्या आतड्याचे पातळ काप काढायचे, काचपट्टीवर चिकटवायचे आणि रंगवायचे. शनिवारपर्यंत पाच पट्ट्या दिल्या नाहीत, तर परीक्षेला बसता येणार नव्हते.

कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. बाबा धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात सूत रंगवायचे. त्यांनी बजावले होते, "यंदा पास झालीस तर बरं, न्हाय तर आईसंगं मागाच्या कांड्यांवर सूत भराया बस." त्यामुळे माझा जीव सतत टांगणीला. गुरुवारी मी पाचही पट्ट्या निळ्या रंगात बुडवल्या आणि डबा खायला गेले.

परत आल्यावर सरांनी एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सगळे काळेनिळे, पेशी कुठली दिसायला!

"पोरी, आतडं रंगवलंस की लुगडं?" सर हसले. वर्गही हसला.

"बाबा म्हणतात, जास्त वेळ ठेवलं की रंग पक्का बसतो."

सरांचे हसू थांबले. "बरोबरच म्हणतात. चढवायला तू घरून शिकून आलीस. आता उतरवायला शीक."

पट्टी आम्ल घातलेल्या अल्कोहोलात क्षणभर बुडवायची, लगेच पाण्यात धुवायची, बघायची. पण 'क्षणभर' म्हणजे नेमके किती, तेच मला कळेना. पाचही पट्ट्या मी पांढऱ्याफटक केल्या आणि पिशवी उचलली.

"कुठे निघालीस?"

"घरी. संपलं सगळं."

"रंग गेलाय. काप जागेवर आहे. परत रंगव."

शेजारी काम करणारी माझी मैत्रीण म्हणाली, "सर, तुम्हीच एक करून द्या ना तिला."

"मग परीक्षेला मीच बसतो!" असे म्हणून सरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ते तसेच माझ्या शेजारी उभे राहिले. तो राग आजही आठवतो; पण पिशवी खाली ठेवून मी परत रंगवायला घेतले. शनिवारी दुपारी पाचव्या पट्टीतली पेशींची केंद्रके एकेक करून निळी उमटली.

पुढच्या रविवारी सर कामतघरला आमच्या चाळीत आले. चटईवर बसून त्यांनी बाबांना विचारले, "सुताला रंग गडद बसला तर तुम्ही काय करता?" दोघे तासभर बोलले. माझा विषय निघालाच नाही. सर गेल्यावर बाबा म्हणाले, "मास्तर आपल्याच धंद्यातला हाय." कांड्यांचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

सर आता साठ वर्षांचे झाले. त्यांनी विश्रांती घ्यावी असे सगळे म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. गावातल्या किती घरांत असे कुणी जाऊन बसायला हवे, या विचाराने चैन पडत नाही. म्हणून स्वार्थानेच मागते: सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि लोकांच्या घरी खाली बसण्याइतके त्यांचे गुडघे धड राहोत.