इंजिन चालू होतं

कुठलंही मोकळं रान दिसलं की कॅप्टन चप्पल काढायचे आणि टाच गवतात दाबून बघायचे. "वरून सुकं, पोटातून ओलं," असं स्वतःशीच म्हणायचे. आमच्या जाफराबादच्या गल्लीत अशा माणसाला लोक जरा सांभाळूनच घेतात. तुम्हीही घेतलं असतं.

पिकांवर फवारणी करणारी छोटी विमानं चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्त होऊन गावी आले आणि माझे शेजारी झाले. मी इथल्या कॉलेजात शिकवतो, म्हणून मला 'सर' म्हणायचे. चहाच्या टपरीवर दोन चमचे मांडून ते मला विमानांतला फरक समजावत. एका विमानाचे पंख डोक्यावर, चाकं मोठी, चाल संथ. आखूड, गवताच्या धावपट्टीवरूनही ते सहज उठतं. दुसऱ्याचे पंख पोटाशी, चाकं बारकी, वेग जास्त. त्याला लांब डांबरी पट्टी लागते.

"घोडी देखणी असते, सर. पण चिखलात बैलच पाहिजे."

हे सांगताना दुसऱ्या चमच्याकडे ते बघत नसत. का, ते एकदा त्यांनीच सांगितलं.

वडीगोद्रीचे अण्णा त्यांचे जुने मित्र. मोसंबीची बाग, बियाण्यांचा धंदा आणि उडायची हौस. परवानग्या मिळवून अण्णांनी स्वतःच्या माळावर गवताची पट्टी तयार केली आणि विमान कोणतं घेऊ, असं कॅप्टनना विचारलं. दोन जुनी विमानं विकायला होती, त्या दोन चमच्यांसारखी. कॅप्टननी घोडी सुचवली.

"जन्मभर बैल हाकले. एकदा घोडीवर बसावं वाटलं," ते मला म्हणाले. "माळ अण्णाचा, विमान अण्णाचं, हौस माझी."

उन्हाळाभर विमान छान उडालं. मग भादव्यातल्या एका सकाळी पट्टी ओली होती. गवतात चाकं ओढली जात होती, हवा तसा वेग येईना. विमान कॅप्टन चालवत होते. शेजारी बसलेले अण्णा म्हणाले, राहू द्या, उद्या जाऊ. कॅप्टन थांबले नाहीत. विमान उठलंच नाही. पट्टी संपली आणि ते बांधावर आदळलं. कॅप्टनना थोडं खरचटलं. अण्णांच्या पायांतला जोर गेला तो गेलाच.

चौकशीत जे निघालं ते सरकारी कागदांत राहिलं. घरी आणि गावात अण्णांनी एकच सांगितलं, ऐन वेळी इंजिन बंद पडलं. कॅप्टन गप्प राहिले.

दर सोमवारी ते जालन्याला गाडी बदलून वडीगोद्रीला जायचे आणि अण्णांना हात देऊन चालवायचे. अण्णांच्या बायको, वहिनी, त्यांना 'भाऊ' म्हणत, आधी त्यांचं ताट वाढत. "तिथं घास उतरत न्हाई, सर," कॅप्टन म्हणायचे. "शिव्या दिल्या असत्या तर पोटभर जेवलो असतो."

अण्णांच्या साठीच्या कार्यक्रमाला मीही सोबत गेलो. मंडप भरलेला होता. अण्णा माईकवर म्हणाले, इंजिननं दगा दिला, पण या माणसानं मला जिवंत बाहेर काढलं. कुणीतरी कॅप्टनच्या खांद्यावर शाल घातली. कॅप्टननी ती काढली, नीट घडी करून खुर्चीवर ठेवली.

"इंजिन चालू होतं," ते म्हणाले. "पट्टी ओली होती. अण्णा नको म्हणत होते. मी थांबलो न्हाई."

"कशाला काढलं आता?" अण्णा हळूच म्हणाले. वहिनींनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि त्या घरात गेल्या.

आम्ही न जेवताच निघालो. जालना जवळ आलं. तेव्हा कॅप्टन खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "त्यानं मला इतकी वर्षं झाकलं. मी त्याला बायकोसमोर खोटं पाडून आलो."

त्यानंतरच्या सोमवारी ते गेले नाहीत. पुढच्याही नाही. दिवसभर ओट्यावर बसून असायचे. चहाला बोलावलं तरी येत नसत.

एका दुपारी गल्लीत गाडी थांबली. मागच्या सीटवर अण्णा होते, काठ्या मांडीवर आडव्या. वहिनी खाली उतरल्या. कॅप्टन उठून उभे राहिले, हात जोडायला गेले, पण वहिनी आधी बोलल्या.

"माफ केलं असं मी म्हणणार न्हाई. पण तुम्ही येत न्हाई, तर हे बाजेवरून उठत न्हाईत. चला."

घराला कुलूपही न लावता कॅप्टन गाडीत बसले. कुलूप मी लावलं.

गेल्या हिवाळ्यात कॅप्टन वारले. त्याआधी एकदा मी त्यांच्यासोबत वडीगोद्रीला गेलो होतो. अण्णा त्यांच्या खांद्यावर हात टाकून पट्टीवर चालत होते. मागून वहिनी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन येत होत्या, अण्णा थकले की टेकायला. त्या दिवशी धाप कॅप्टनना लागली. वहिनींनी खुर्ची त्यांच्या मागे ठेवली. ते मान हलवून नको म्हणाले आणि तसेच उभे राहिले. वहिनी दोन्ही हातांनी खुर्ची धरून उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळानं कॅप्टन बसले.