गिटारची भुणभुण आणि आमची वडील मंडळी

दोष दामूअण्णांचा. बाकीचे हातभार लावायला होतेच, पण मूळ दोष आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाचा, दामोदर पेडणेकर ऊर्फ दामूअण्णा यांचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण किस्से ऐकताना लोक हसतात आणि शेवटी म्हणतात, "जाऊ दे रे, माणूस मनाने चांगला आहे." मनाने चांगल्या माणसांनीच माझी वाट लावली आहे.

ऑर्केस्ट्रात किस्से गोळा करावे लागत नाहीत. पंख्याच्या पात्यावर धूळ बसते तसे ते आपोआप बसतात. कुणी हात लावत नाही, आणि एक दिवस पंखा सुरू केला की सगळे डोक्यावर पडतात. आज मी पंखा सुरू केलाय.

मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. त्याच्या किती तरी आधीपासून, शाळेत असल्यापासून, माझ्याकडे एक काळी इलेक्ट्रिक गिटार होती. सेकंडहँड, जड, मानेजवळ थोडी वाकडी. हाताला बसली होती. दोष एकच, ती भुणभुणायची. तारांखाली चुंबकाचे पिकअप असतात, ते तारेची थरथर पकडून अँपकडे पाठवतात. माझे पिकअप थरथर पकडायचेच, शिवाय हवेत असेल नसेल ते सगळं पकडायचे.

जोगेश्वरीला गणपतीत कार्यक्रम होता. मोहनकाका भक्तिगीत गात होते. मोहनकाका आमचे मुख्य गायक, बँकेत नोकरी, गळ्यात मफलर बारा महिने. त्यांनी डोळे मिटून एक लांबलचक जागा सोडली. सगळा मंडप चिडीचूप. आणि माझ्या अँपमधून स्वच्छ सरकारी आवाजात लासलगावच्या कांद्याचा भाव आला!

लोक हसले. मंडळाचे अध्यक्ष हसले. दामूअण्णांनी पेटीवरून मान वर केली आणि माइकमध्ये सांगितलं, "आमच्या गिटारवादकाचं शिक्षण अपूर्ण आहे, त्याला समजून घ्या."

रेडिओ लागला गिटारमध्ये आणि दोष माझ्या शिक्षणाचा. हे असं.

*

त्यानंतर मुलुंडच्या एका लग्नात पेरेरा सर आले होते. मरोळचे पेरेरा सर, सिनेमाच्या गाण्यांचे अरेंजर. रेकॉर्डिंगला कुठली पोरं घ्यायची हे ते ठरवतात. ते जेवण सोडून माझ्यासमोर उभे राहून ऐकत होते. नंतर जवळ आले आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पण ही माशी कोणी पाळलीय आत? ती घालव. साफ आवाज झाला की मी परत ऐकतो. पुढचं मग बघू."

इतकंच. पण मला ऑर्केस्ट्रातून बाहेर पडायला तो एकच दरवाजा होता. ज्या दिवशी माशी मरेल, त्या दिवशी मी दामूअण्णांच्या पेटीशेजारून उठणार होतो. झोप लागेना. चालताना, जेवताना बोटं टेबलावर वाजत राहायची. घरचे म्हणायचे याला काहीतरी झालंय.

*

चांगले पिकअप इथे कुठे मिळतात? बबनचा मामा बोटीवर. बबन आमचा ढोलकीवाला, माझा दोस्त. त्याला मी दुहेरी गुंडाळीच्या पिकअपचं चित्र काढून दिलं. एका गुंडाळीची भुणभुण दुसरी गुंडाळी मारते, असं ते काम. मामाने कुठल्या तरी बंदरातून जोडी आणली. कस्टमवाल्याला म्हणाला, शिलाई मशीनचे पार्ट आहेत.

मी धावत बोरिवलीला मामाच्या घरी. मामाने डब्यातून एक काढून दिला. मी विचारलं, दुसरा? मामा म्हणाला, दोन कशाला हवेत, गिटार एकच आहे ना?

तेवढ्यात माझं लक्ष लोखंडी कपाटाकडे गेलं. कपाटाच्या दारावर गजाननमहाराजांचा फोटो. फोटो दाराला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे माझा दुसरा पिकअप!

मी हात पुढे केला तर मामी आडवी आली. "महाराज खाली पडतील."

बबनने शेवटी सायकलच्या दुकानातून जुन्या डायनॅमोचं चुंबक आणलं, तेव्हा महाराजांना ट्रान्स्फर मिळाली. मामी अजून माझ्याशी बोलत नाही.

*

नवे पिकअप जुन्यांपेक्षा रुंद. लाकडातली खाच वाढवायला हवी. माझे बाबा घाटकोपरला एका कारखान्यात टर्नर. अठरा वर्षं मशीनवर. मी पटाशीने करणार होतो, पण बाबांनी गिटार हातातून काढून घेतली. म्हणाले, हे सुतारकाम नाही, प्रिसिजन जॉब आहे. पहिल्यांदाच माझ्या गिटारला ते काहीतरी चांगलं म्हणाले होते, म्हणून मी गप्प बसलो. चूक केली.

दोन दिवसांनी गोणपाटात गुंडाळून परत आणली. खाच इतकी सरळ की नख फिरवून बघावं. कडा चकचकीत. मी गिटार वर धरली आणि खाचेतून मला समोर आई भाजी निवडताना दिसली.

आरपार!

"बाबा, हे काय?"

"भोक वाढवून हवंय म्हणालास. कुठपर्यंत ते सांगितलं नाहीस." मग बूट काढता काढता म्हणाले, "डिप्लोमा पुरा केला असतास तर ड्रॉइंग काढून दिलं असतंस."

 मी आईची एक स्टीलची ताटली मागच्या बाजूला स्क्रूने बसवली, तिला अर्थिंगची वायर लावली आणि आतून नवं वायरिंग केलं. जुने सगळे वायरींचे तुकडे काढून फेकले, आवाजाच्या बटणांखालचे पॉट बदलले, खाचेला आतून चॉकलेटची चांदी चिकटवली. अँप लावला. कान लावला. काही नाही. इतकी शांतता मी माझ्या अँपमधून कधी ऐकली नव्हती. एक तार छेडली. फक्त तार वाजली.

मी आईला मिठी मारली. ती म्हणाली, ताटली केव्हा परत देणार?

*

नवरात्रात मुलुंडला पहिला कार्यक्रम. नवे पिकअप दमदार. पहिल्याच ठोक्याला दामूअण्णांची पेटी ऐकू येईना. मध्यंतरात त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली, जखमेवर लावतात ती, आणि माझं व्हॉल्यूमचं बटण तीनवर चिकटवून टाकलं. मी म्हटलं, अण्णा, आवाज नीट ऐकू यावा म्हणूनच हे सगळं केलं ना?

"झिला, ऑर्केस्ट्रा म्हणजे कुटुंब. कुटुंबात धाकट्यानं आवाज चढवायचा नसतो."

हे वाक्य त्यांना फार आवडलं. पुढे आठ दिवस ते प्रत्येकाला ऐकवत होते.

*

पण खरी गंमत मध्यंतरानंतर झाली. मोहनकाका पुढे आले, नेहमीप्रमाणे माझ्या अँपला खेटून उभे राहिले, डोळे मिटले आणि "आऽऽ" करून सुरुवात केली. पेटी एकीकडे, काका दुसरीकडे. थांबले. परत सुरुवात. परत भलतीकडे. मफलर सोडला, पाणी प्यायले, गळा साफ केला. गाडी रुळावर येईना.

बबन ढोलकीवर वाकून हसत होता. माझ्याही डोक्यात तेव्हाच उजेड पडला. काकांचा सा पेटीवरच्या पांढरी पाच पट्टीचा. माझ्या गिटारची भुणभुण, विजेची ती घूंऽऽ, जवळजवळ त्याच सुरात. इतकी वर्षं हा गृहस्थ माझ्या माशीवरून सा उचलत होता! पेटीकडे त्याने कधी कान दिलाच नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर मीटिंग झाली. मला वाटलं आता काकांना कुणीतरी रियाज करायला सांगेल. सगळ्यांनी मिळून मला सांगितलं, जुने पिकअप परत लाव.

"गायकाला त्रास होतो," दामूअण्णा म्हणाले.

"मग गायक बदला," मी म्हटलं.

 मोहनकाकांनी मफलर नीट गुंडाळला आणि माझ्याकडे, वडिलांनी वाया गेलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. जुने पिकअप मी लावले नाहीतच; तोडगा म्हणून नवरात्र संपेपर्यंत बबन ढोलकी गळ्यात अडकवून त्यांच्यामागे उभा राहून तोंडाने घूंऽऽ करत होता. कार्यक्रम झकास झाले.

*

आता दसरा.

नवमीचा कार्यक्रम झाला आणि टेम्पो सगळं सामान घेऊन दामूअण्णांच्या घरी कांदिवलीला गेला. दरवर्षीसारखंच. माझी गिटारही त्यात. सकाळी आपट्याची पानं घेऊन मी त्यांच्याकडे पोचलो, तर दारात बाहेर काढलेले, पॉलिश केलेले बूट. आत खुर्चीवर पेरेरा सर.

त्यांनी आठवड्यापूर्वीच वाण्याच्या दुकानात फोन करून अण्णांना निरोप दिला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग आहे, एक गिटार कमी आहे, पोराचा आवाज साफ झाला असेल तर ऐकून ठरवतो, कधी येऊ? अण्णांनी सांगितलं, दसऱ्याला या, शुभ दिवस आहे. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

भिंतीशी पाटावर पेटी, ढोलकी, डफ, खंजिरी. मधोमध माझी गिटार. मानेत झेंडूची माळ. दोन्ही नव्या पिकअपवर हळदकुंकवाची बोटं, वर अक्षता. अँपलाही माळ.

पेरेरा सर हसून म्हणाले, "चल, ऐकव."

दामूअण्णांनी हात आडवा केला. "आज नाही. आज ती पूजेत आहे. उद्या पूजा हलवली की न्या."

"उद्या सकाळी तर रेकॉर्डिंग आहे," सर म्हणाले. मग त्यांनी खोलीत बघितलं. दुसरी गिटार आहे का कुठे? नव्हती. असती तर तीही पाटावर असती.

मी माळ काढली. पाटावरून गिटार उचलली, वायर खोचली, अँप चालू केला. अण्णांची बायको आतून पळत आली आणि दारात थबकली. माझ्या मनगटाला कुंकू लागलं. व्हॉल्यूमवरची पट्टी मी नखाने फाडली. भुणभुण नव्हती. मी बोट तारेवर ठेवलं.

"थांब," पेरेरा सर म्हणाले.

ते खुर्चीवरून उठले होते.

"ठेव खाली. जशी होती तशी ठेव. गुड फ्रायडेला मी पियानोचं झाकण उघडत नाही. एकदा उघडलं होतं तर बापाने पट्ट्याने मारलेलं. बरोबर केलं त्याने."

"सर, फक्त एक मिनिट ऐका."

"नाही ऐकणार."

मी गिटार पाटावर ठेवली. अण्णांनी माळ पुन्हा घातली, अँप बंद केला. पेरेरा सर श्रीखंड-पुरी जेवले. अण्णांच्या हातून सोनं घेतलं, ते शर्टाच्या खिशात नीट ठेवलं, गिटारसमोर उभे राहून डोकं किंचित वाकवलं, बूट घातले आणि गेले.

जिना उतरल्याचा आवाज थांबल्यावर दामूअण्णा माझ्याकडे वळले. "बघितलंस? याला संस्कार म्हणतात."

दुसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगला वांद्र्याचा एक मुलगा वाजवून आला. पेरेरा सरांनी मला परत बोलावलं नाही.