तेलनानांचे डोळे

डोक्यावर औषधालाही केस नव्हता, तरी सगळी नर्सरी त्यांना तेलनाना म्हणायची. खालापूरजवळच्या त्या नर्सरीत ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीला खोबरेल तेलाची एक बाटली सुतळीने टांगलेली असे. ती नानांची. हिवाळ्यात उजाडलं की ते आधी तिच्यापुढे उभे राहत, मग चहाला येत.

तरुणपणी कोळशाच्या भट्ट्यांवर राबून त्यांची कातडी जाड झाली होती. ऐन थंडीतही उघड्या अंगाने फिरत. "माज्या अंगाला थंडी कळत नाय रं. तेलाला कळते," म्हणायचे. दिवाळीनंतर ज्या सकाळी तेल पहिल्यांदा थिजलेलं दिसे, त्या दिवशी केरळातून आणलेली अँथुरियमची रोपं पेंढ्याने शाकारलेल्या शेडमध्ये जात. वर गोणपाट. पाणी भर दुपारी, वाटीभर, उन्हात ठेवून कोमट केलेलं. कोणी जास्त ओतलं की नाना ओरडत, "निजलेल्या पोराला आंघोळ घालतोस काय रं?" पुढे ज्या सकाळी तेल पातळ दिसे, त्या दिवशी रोपं बाहेर येत. त्यात शेठसुद्धा बोलत नसत.

मी तिथे कारकून. नाना मला चिडवत, "कारकून, तुज्या रजिस्टरात थंडी कुठल्या पानावर लिवतात रं?"

माघातली गोष्ट. मुलासाठी मुलगी पाहायला पोशीरला जायचं होतं. किल्ल्या ठेवायला पहाटेच नर्सरीत आलो. आरशात पाहिलं तर केस पिंजारलेले. नानांची बाटली काढली, चहाच्या शेगडीजवळ ठेवली, तेल पातळ झाल्यावर डोक्याला चोपडलं आणि बाटली पुन्हा टांगून निघून गेलो. नाना अजून यायचे होते.

दुसऱ्या दिवशी आलो तर सगळी रोपं उघड्यावर. रात्री घाटाकडून गार वारा सुटला होता. पानं काळी पडली होती, देठ उकडलेल्या भाजीसारखे लोंबत होते. भिंतीवरच्या बाटलीत तेल पांढरं घट्ट. शेठ काही विचारायच्या आत नाना म्हणाले, "तेलाचा दोष नाय, शेठ. ते कालबी थिजलेलंच आसणार. मलाच पातळ दिसलं. डोळे गेले माजे."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. माझ्या केसांना अजून त्या तेलाचा वास येत होता. मी बोललो नाही. केस चोपडायला बाटली काढली म्हणून सगळे हसतील, एवढंच तेव्हा मनात आलं. याहून मोठं कारण मी आजवर पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

नानांनी काम सोडलं. जाताना बाटली माझ्या हातात दिली. "तू बगत जा आता. तुजे डोळे चांगले हायत."

नंतर दोनदा कर्जतला त्यांच्या घरी गेलो. सून हात धरून त्यांना ओटीवर आणायची. उंबरठा पायाने चाचपत ओलांडत. दुसऱ्या खेपेला बोलता बोलता त्यांनी माझ्या खांद्यावरून मोहरीएवढी पांढरी कीड चिमटीत उचलली. "झटकून जा रं. रोपांना लागंल."

"नाना, दिसतं की तुम्हाला!"

"वाटतं रं दिसतं. त्या दिवशीबी वाटलंच व्हतं."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात सून चहा घेऊन आली.

नाना गेले. यंदाच्या थंडीत जाऊन सुनेला सगळं सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. "काका, दोन वर्षं मी त्यांना हाताला धरून परसात नेलं," ती म्हणाली. "दिवसाउजेडी. माजा हात सोडायचे नायत." मग ती पुन्हा पाखडू लागली. मी उठेपर्यंत तिने वर पाहिलं नाही.

आता शेलूला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. ती बाटली खिडकीत आहे. थंडीत रोज सकाळी मी ती पाहतो, हात लावत नाही. तळहाताच्या उबेनेही तेल पातळ होतं. नातवंडं विचारतात, आजोबा, तेल तर लावत नाही, मग बघता काय? त्यांच्यासाठी आणि नानांना ओळखणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहून ठेवतो आहे. त्या सकाळी तेल पातळच होतं. नानांना बरोबर दिसलं होतं.